धक्का ज्याचा, वसुली त्याची : व्हिडिओ गेमचे प्रकाशक आणि नवा खेळाडू

(कॉटन ग्रीन इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय व्हिडिओ गेमचा आहे म्हणून ज्येष्ठ मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसलीत. हरकत नाही. पण हा विषय मुळात धंद्याचा आहे, आणि कॉटन ग्रीनच्या माणसाला तो लवकर कळेल. इथली कापसाची गोदामं उभी राहिली ती पोर्ट ट्रस्टच्या जागेवर. कापूस पिकवणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा. पण जागेच्या मालकाचे पैसे चुकवल्याशिवाय गाठ पुढे सरकत नव्हती.

गेमच्या धंद्यात असा धक्का म्हणजे कन्सोल, टीव्हीला जोडायचं यंत्र. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो हे धक्क्याचे मालक. त्यावर खेळ आणतो तो प्रकाशक. यंत्र प्रसंगी तोट्यातही विकायचं आणि मग प्रत्येक गेममागे प्रकाशकाकडून हिस्सा घ्यायचा, असं हे गणित.

यावरून भांडणं पहिल्यापासून आहेत. १९७९ साली अटारीतले प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. अटारीनं दावा लावला, १९८२ मध्ये तडजोड झाली. पुढे निन्टेंडोनं नियम आवळले. अमेरिकेत एका प्रकाशकानं वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेटही निन्टेंडोच बनवणार. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं, म्हणजे ईएनं, १९९० च्या सुमारास सेगाचं यंत्र उलगडून त्याचं आतलं काम समजून घेतलं, आणि ‘परवान्याशिवायही गेम काढू शकतो’ असं दाखवून स्वस्तात करार पदरात पाडून घेतला.

आता आपल्याकडे या. नवा खेळाडू आणायचा म्हणजे काय करायचं? कोडमास्टर्सचा एक क्रिकेट गेम इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या नावानं निघाला, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या, आणि भारतात ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ म्हणून. गेम तोच, फक्त वेष्टन बदललं. मी याला गणपतीच्या मंडपाबाहेरची कमान म्हणतो. कमानीवर फोटो आपल्या नेत्याचा असतो, पण आत मूर्ती कशी आहे ते आत गेल्यावरच कळतं.

त्याच सुमाराचा ईएचा ‘क्रिकेट ०७’ घ्या. त्यानंतर ईएनं क्रिकेटच्या या मालिकेचा पुढचा भागच काढला नाही. तरी आपल्या पोरांनी तो वर्षानुवर्षं खेळला. बघा, आयपीएल सुरू झाली २००८ साली आणि गेम त्याच्या आधीचा. मग त्यात आयपीएलचे संघ आले कुठून? खेळणाऱ्यांनी घातले! नवे खेळाडू, नव्या जर्सी, नवी मैदानं, सगळं हौशी पोरांनी बनवलं आणि एकमेकांना वाटलं. हे जमलं, कारण गेम साध्या कॉम्प्युटरवर चालत होता. तिथे धक्क्याचा मालक उभा नव्हता.

अर्थात, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यातल्या कितीतरी सीड्या कॉपी केलेल्या होत्या. खेळाडू भरपूर, पण गल्ला रिकामा. प्रकाशकानं पाठ फिरवली तर त्याला नुसता दोष देऊन चालणार नाही. पण आपलं काम लोक फुकट पुढे नेतायत, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक कसं करायचं, हा प्रश्न प्रकाशकाचाच होता. तो त्यानं सोडवला नाही.

तो सुटला मोबाईलवर. पबजी मोबाईल २०१८ साली आला. गेम फुकट, पैसे पात्राच्या कपड्यालत्त्यांचे. कन्सोल घ्यायला घरात पैसे नव्हते, टीव्ही तर आजीच्या मालिकांसाठी अडलेला. पण फोन होता. सोनीला हरवायची गरजच पडली नाही, तिला वळसा घातला. मात्र धक्का संपला का? नाही, तो गूगल आणि ॲपलकडे गेला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजीवर बंदी घातली. २०२१ साली क्राफ्टननं ‘बीजीएमआय’ आणला, जुलै २०२२ मध्ये तोही दोन्ही दुकानांतून गेला, २०२३ मध्ये परतला. बंदीची कारणं योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. माझा मुद्दा एवढाच की ज्या पोरानं त्यात पैसे घातले, त्याच्या हातात काही नव्हतं. ‘क्रिकेट ०७’ मात्र कुणाला परत घेता आला नाही.

शेवटचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली निघाला. भावाला शोधणारी मुलगी, देव-असुरांचं युद्ध, पहाडी चित्रशैलीचा प्रभाव. इथे आपलेपणा कमानीवर नाही, आत आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. पण तो सर्वात आधी आला निन्टेंडो स्विचवर, म्हणजे तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंही न जाणाऱ्या यंत्रावर! पात्रं बोलत होती इंग्रजीत. हिंदी आवाज आले २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. मूर्ती पुण्यात घडली, पण दर्शनाची रांग परदेशात लागली. छोट्या स्टुडिओला जो धक्का जागा देतो तिथेच माल उतरवावा लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून तर टीका स्टुडिओवर नाही, व्यवस्थेवर आहे.

तेव्हा पुढच्या गेमची जाहिरात आली की त्यात कोणता क्रिकेटर आहे ते पाहू नका. तो आपल्या घरातल्या यंत्रावर, आपल्या भाषेत चालतो का, आणि उद्या दुकान बंद झालं तर आपल्याकडे काय उरतं, ते विचारा. हे दोन प्रश्न आईवडिलांनीही विचारायचे आहेत, कारण पैसे त्यांच्याच खिशातले असतात.

आता तुम्ही बोला. आधी मागच्या रांगेतून.