पंधरा शिलिंगांचं गूज

चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'वर आजवर जगात पुष्कळ लिहून झालं आहे, पण लिहिणारे बहुतेक सगळे कलाशाखेचे. त्यांनी त्यात करुणा शोधली, प्रतीकं शोधली, भुतांची उपपत्ती लावली. आता या पुस्तकात आहे काय ते पाहा. स्क्रूज हा पैशाला चिकटलेला पेढीवाला, बॉब क्रॅचिट त्याचा कारकून, आणि गोष्ट घडते ऐन वर्षअखेरीला. म्हणजे पुस्तक उघडउघड वाणिज्यशाखेचं! तरी त्यातल्या नाताळच्या जेवणाचा जमाखर्च तपासायचं काम शेवटी बँकेतल्या एका बी. कॉम. कारकुनावर येऊन पडावं ना?

गोष्ट थोडक्यात अशी. कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री भुतं भेटतात. ती त्याला त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात आणि सकाळी उठतो तो स्क्रूज साक्षात कर्णाचा अवतार होऊन. वर्तमानाचं भूत त्याला बॉबच्या घरी नेऊन तिथलं जेवण दाखवतं. माझा सगळा मुद्दा त्या जेवणाशी आहे.

आधी जमेची बाजू. बॉबला आठवड्याला १५ शिलिंग पगार. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाचे अडीच शिलिंग. अडीच शिलिंगाचं एक नाणंच तेव्हा असे, हाफ क्राउन. नाताळची सुट्टी देताना स्क्रूज नेमक्या याच नाण्यावरून कुरकुरतो, की हे मी कापून घेतलं तर तू रडशील, आणि तुला बसून पगार द्यावा लागतो त्याचं काय? १५ भागिले ६, उत्तर अडीच. डिकन्सचं गणित पक्कं आहे. टीकाकारांनी या भागाकाराकडे दुर्लक्ष केलं, कारण त्यांना सुट्टीचा पगार कापला जाण्याची भीती नसावी.

या पगारावर खाणारी तोंडं आठ. नवरा, बायको आणि सहा मुलं. थोरली मार्था टोप्यांच्या दुकानात उमेदवार, पीटरच्या नोकरीचं नुसतं बोलणं चाललेलं, आणि धाकटा टिम कुबडीवर. आता एवढ्यात नाताळ करायचा. तोही लंडनमध्ये, जिथे नाताळला साग्रसंगीत जेवण नसणं म्हणजे आपल्याकडे दिवाळीत चकली नसण्यासारखं.

जेवणातला मुख्य पदार्थ म्हणजे भाजलेला गूस. मराठीत या पक्ष्याचं काय करावं हा प्रश्नच आहे. हंस म्हणावं तर सरस्वती खाली उतरून जाब विचारायची. बदक म्हणावं तर आठ माणसांना पुरायचं नाही. तेव्हा गूसच बरा. शिवाय मराठीत गूज म्हणजे मनातली गोष्ट, आणि या गूसच्या पोटात कांदा आणि सेजच्या पाल्याबरोबर क्रॅचिटबाईंच्या मनातलं पुष्कळ काही भरलेलं आहे.

कारण हे जेवण उभं केलंय त्या बाईने. दोनदा उसवून उलटून शिवलेला झगा, पण त्यावर रिबिनी. डिकन्स सांगतो, सहा पेन्सांत शोभा येते. सगळ्या जेवणाच्या प्रसंगात किंमत दिलेली वस्तू एवढीच! गूसची किंमत नाही, पुडिंगची नाही, जिनची नाही. मात्र गूस स्वस्त पडला याचं कौतुक सगळं घर तोंडभरून करतं. चव, मऊपणा, आकार आणि स्वस्ताई. या चार गुणांत स्वस्ताई ज्याने घातली, त्या लेखकाने महिनाअखेर पाहिलेली आहे. कलाशाखेचा माणूस चवीपाशी थांबला असता.

हा गूस त्यांनी घेतला कसा, हे पुस्तकात नाही. पण त्या काळात लंडनमध्ये गूस-क्लब असत. गुत्त्याच्या मालकाकडे आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि नाताळला पक्षी घेऊन जायचा. म्हणजे आपली भिशीच, फक्त शेवटी चिठ्ठीऐवजी चोच निघायची. कॉनन डॉइलची १८९२ साली आलेली 'ब्लू कारबंकल' ही शेरलॉक होम्सची गोष्ट अशाच एका क्लबाच्या गूसपासून सुरू होते. क्रॅचिटबाई अशा क्लबात असतील तर मला नवल वाटणार नाही. १५ शिलिंगांतून एकदम रोख गूस काढणं अर्थमंत्र्यालाही जमायचं नाही.

आता भाजायचा कुठे? गरिबाच्या घरात शेगडी असे, भट्टी नसे. म्हणून पक्षी बेकरीवाल्याकडे नेऊन द्यायचा आणि भाजून झाला की आणायचा. क्रॅचिटांची दोन चिमुरडी बेकरीबाहेर उभी राहतात आणि आतून येणारा वास आपल्याच गूसचा आहे हे ओळखतात. या जागी माझे डोळे भरून येतात आणि त्याला कारण आहे. लहानपणी दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन आम्हीही बेकरीत जात असू. पत्र्याच्या तबकांवर गोळे मांडायचे, खुणेची चिठ्ठी लावायची आणि बाहेर ताटकळत उभं राहायचं. शंभर तबकांतून येणाऱ्या वासातला आपल्या तुपाचा वास ओळखता येतो. अगदी येतो! ज्याच्या घरी ओव्हन आहे त्याला हे पटायचं नाही.

रविवारी बेकऱ्या बंद ठेवाव्यात अशी धार्मिक मंडळींची तेव्हा खटपट चाले. डिकन्सने त्याविरुद्ध १८३६ साली टोपणनावाने एक पुस्तिका लिहिली होती, आणि इथेही स्क्रूज त्यावरून भुताशी वाद घालतो. भुताशी वाद घालण्याइतका हा विषय महत्त्वाचा आहे हे बेकरीबाहेर उभं राहिलेल्यालाच कळेल.

पुडिंग शिजतं कपडे उकळायच्या हंड्यात. दुसरं मोठं भांडं आणायचं कुठून? ते काढताना बाईंना धास्ती, की ते कच्चं राहिलं तर? फुटलं तर? आम्ही गूस खात असताना कोणी मागच्या भिंतीवरून येऊन चोरलं तर? सत्यनारायणाच्या प्रसादाची कढई उतरवताना आमच्या आईचा चेहरा असाच होतो. चोराची शंका मात्र तिला अजून सुचलेली नाही. पुडिंग आठ जणांना लहान आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी बोलत नाही. असे न बोललेले शब्द मोजता आले असते तर मध्यमवर्गाच्या ताळेबंदात तीच सगळ्यात मोठी रक्कम निघाली असती.

पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवायची रीत. किती ब्रँडी? डिकन्स लिहितो, अर्ध्या क्वार्टनची अर्धी. क्वार्टन म्हणजे पाव पाइंट, सुमारे १४२ मिलिलिटर. त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा, म्हणजे ३५ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची साडेतीन टोपणं! एवढ्यात निळी ज्योत दिसते, टाळ्या पडतात आणि पैसे वाचतात. बॉबने बाह्या सारून जिन आणि लिंबाचं गरम पेय जेवणाआधीच करून ठेवलेलं असतं. घरात पेले दोन आणि कान तुटलेला एक कप. आठ माणसं, तीन भांडी. आणि गूसची शिल्लक? ताटात हाडाचा एक कण. आमच्या खिडकीवर संध्याकाळची रोकड इतकी बिनचूक जुळली तर मॅनेजर स्वतः चहा मागवतील.

इतकं बारीक डिकन्सला कसं माहीत? त्याचा बाप नौदलाच्या पगार खात्यात कारकून होता, क्रॅचिटांचं घर आहे त्याच कॅम्डन टाउनमध्ये हे कुटुंब काही काळ राहिलं होतं, आणि १८२४ साली ४० पौंड १० शिलिंग देणं थकलं म्हणून बाप तुरुंगात गेला. देणं कोणाचं? बेकरीवाल्याचं! बारा वर्षांच्या डिकन्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर राबावं लागलं. बेकरीबाहेरचा तो वास त्याने कल्पनेने लिहिलेला नाही.

आता माझी तक्रार. स्क्रूज सुधारतो आणि बॉबकडे टर्की पाठवतो. टिमच्या दुप्पट आकाराची! निरोप धाडायला रस्त्यावरचा एक पोरगा धरतो आणि त्याला सांगतो, पाच मिनिटांच्या आत आलास तर हाफ क्राउन देईन. ओळखलंत नाणं? काल कारकुनाच्या दिवसभराच्या पगारापोटी जे जड झालं, तेच आज पाच मिनिटांना. डिकन्सने हे मुद्दाम केलं असेल तर मी त्याला नमस्कार करतो, आणि नकळत झालं असेल तर दोन करतो. पण टर्की नेणाऱ्या घोडागाडीचे पैसेसुद्धा स्क्रूज खुशीत हसत देतो, आणि इथपासून डिकन्सने वही मिटून ठेवली.

कारण पाहा, सकाळ झालेली आहे. गूस बहुधा बेकरीत पोचलेला आहे. क्रॅचिटबाईंनी ग्रेव्ही, बटाटे, सफरचंदाची चटणी सगळं त्या गूसच्या मापाने मांडलेलं आहे. आणि दारात निनावी टर्की! ती भाजायला किती तास लागतील? भट्टी कुठली? मसाला कुठला? आपल्याकडे साखरपुड्याच्या दिवशी श्रीमंत मामांनी न विचारता वीस किलो श्रीखंड पाठवावं, तसं हे. मामांचा जयजयकार होतो आणि फ्रिजमधली भाजी बाहेर काढून ठेवते ती आई. पुस्तकाच्या हिशेबाने तर आपण ज्यावर रडलो ते गूसचं जेवण भुताने दाखवलेलं, आणि प्रत्यक्षातलं जेवण टर्कीचं, जे डिकन्स दाखवतच नाही. त्या बाईची सगळी आखणी स्क्रूजच्या दातृत्वाखाली झाकली गेली. पुस्तकभर तिला स्वतःचं नावसुद्धा नाही.

असं लिहिणाऱ्याचा स्वतःचा हिशेब काय झाला, तेही खतावणीत आहे. १९ डिसेंबर १८४३ रोजी पुस्तक निघालं. सोनेरी कडा, जॉन लीचची हाताने रंगवलेली चित्रं, छपाईचा खर्च डिकन्सचा, आणि किंमत पाच शिलिंग. (बॉबला ते घ्यायचं तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा!) पहिल्या ६००० प्रती नाताळच्या आत संपल्या. डिकन्सने मनात १००० पौंड धरले होते, हातात आले २३०. मग चोरून आवृत्ती छापणाऱ्यांवर त्याने फिर्याद केली, ती जिंकला, प्रतिवादींनी दिवाळं काढलं आणि ७०० पौंडांचा खर्च याच्याच अंगावर आला. या माणसाने आतला कागद ठरवण्यापूर्वी क्रॅचिटबाईंचा सल्ला घ्यायला हवा होता.

शेवटी स्क्रूज बॉबला पगारवाढ जाहीर करतो आणि गरम 'स्मोकिंग बिशप' पिता पिता बाकीचं बोलू म्हणतो. हे म्हणजे लवंगा टोचून भाजलेली संत्री घातलेली पोर्ट वाइन. कारकुनाच्या घरी जिनचे घोट मोजून, मालकाच्या वाडग्याला माप नाही. ते एक सोडा. वाढ किती? आकडा नाही. कोणत्या तारखेपासून? नाही. आमच्या युनियनने असल्या कराराखाली सही केली असती का? तोंडात लवंग धरून बसले असते, पण आधी परिपत्रक मागितलं असतं.

एक आकडा मात्र डिकन्सने जाता जाता देऊन ठेवलाय. दुसऱ्या दिवशी बॉब कामावर साडेअठरा मिनिटं उशिरा येतो आणि काल जरा मजा केली असं सांगतो. सगळे टीकाकार यावर विश्वास ठेवतात. माझा अंदाज असा, की ती टर्की रात्री बऱ्याच उशिरा भाजून झाली, आणि सकाळी घरातला सगळ्यात मोठा हंडा घासायला बॉबला बसवलं होतं.