वधूचा प्रवास आणि छायाचित्रकार

विवाहसमारंभ वधूच्या गावी न करता तिसऱ्याच रम्य स्थळी करण्याची चाल अलीकडे पडली आहे. अशी वऱ्हाडे नाशकासही उतरतात. कोणी द्राक्षमळ्यात, कोणी पंचवटीच्या गोदातीरी. वधू घरून कशी निघाली आणि कशी पोचली, याची छायाचित्रमालिका करणे हा त्याबरोबर एक नवा कलाप्रकार होऊन बसला आहे. केवळ हौस म्हणून तो सोडून न देता कला म्हणून त्याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या जुन्या रीतीत लग्नापूर्वी प्रवास करी तो वर. वऱ्हाड घेऊन तो वधूच्या गावी येई आणि शिवेवर त्याची पूजा होई. सीमांतपूजन हे नाव त्यावरूनच पडले. वधूचा लग्नापूर्वीचा प्रवास म्हणजे गौरीहरापासून बोहल्यापर्यंत मामाच्या सोबतीने टाकलेली काही पावले. दूरचा प्रवास पाठवणीनंतरचा. आता मुंबईची कन्या कसारा घाट चढून सुमारे १७० किलोमीटर येते, आणि वरही तसाच लांबून येतो. दोघेही पाहुणे, मग शीव कोणाची? या नव्या प्रवासास संस्काराचा साचा नाही. साच्यावाचून अडलेला छायाचित्रकार तो उसना आणतो, आणि बहुधा चित्रपटांतून आणतो.

परिणामी या मालिका एकीसारखी दुसरी दिसतात. मोटारीच्या खिडकीतील मुखडा, वाऱ्यावरचा पदर, मेंदीचे हात, रामकुंडाच्या पायऱ्यांवरील पैंजण. मोटारीतून उतरलेल्या वधूस पुन्हा आत बसवून पुन्हा उतरविले जाते. यात दोष एकट्या छायाचित्रकाराचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पैसे मोजणारा वधूपक्षच बहुधा तसे मागत असतो.

नाट्य तेवढे खोटे, असेही आमचे मत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करून चुकले होते. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’ पटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या, आणि पुरुषाने वठविलेली ती सीता लोकांनी सीता म्हणूनच पाहिली. कारण तेथे नाट्य उघडपणे नाट्य म्हणून आले होते. परंतु याच फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. रोपास पुन्हा उगवावयास त्यांनी सांगितले नाही. एकेक चित्र घेत ते वाट पाहत राहिले. छायाचित्रकारास या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. नाट्य रचावयाचे आणि ते घडलेली गोष्ट म्हणून कुटुंबाच्या संग्रही ठेवावयाचे, ही तिसरी वाट मात्र आम्हांस मान्य नाही. पंचवीस वर्षांनी ती चित्रे पाहणाऱ्या मुलांनी कशावर विश्वास ठेवावा?

चांगल्या मालिकेचा आरंभ मोटारीपासून न होता माहेरच्या उंबरठ्यापासून व्हावा. घाटात पेंगलेली आत्या, मांडीवर सांभाळलेला रुखवताचा डबा, चहासाठी थांबलेले वऱ्हाड, पुनःपुन्हा घड्याळ पाहणारा बाप, यांत प्रवास आहे. वधू या सर्वांसह निघालेली असते; एकटीचेच मुख टिपले की उरते ती केवळ शोभा.

पंचवटीत तर हा विवेक अधिक हवा. येथे सीता आली ती विवाहिता, वनवासात पतीची सोबत स्वतः मागून घेतलेली. येथून तिचे जे पुढे जाणे झाले ते मात्र तिच्या इच्छेचे नव्हते. या तीरावर वधूस उभी करणाऱ्याने मागची देवळे चौकटीत बसतात की नाही एवढेच पाहू नये. समोरची स्त्री आपल्या मनाने चालते आहे की आपल्या हुकमाने, हेही त्याने पाहावे.

अक्षता पडेपर्यंत वधूवरांमध्ये अंतरपाट धरणाऱ्या आमच्या संस्कारास न पाहण्याचेही मोल ठाऊक होते. कॅमेरा अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस हिंडतो. म्हणून त्याने कोठेतरी स्वतःहून थांबावे. एखादा टप्पा चित्रावाचून राहिला तर मालिका उणी होत नाही. तेवढा प्रवास वधूचा स्वतःचा राहतो.