मूळ पान आणि त्याचे मोल

चित्रकथा ही वाचून झाल्यावर रद्दीत जाणारी वस्तू, अशीच आपल्या घरांतून तिची ओळख आहे. १९६४ मध्ये सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि १९६७ पासूनची 'अमर चित्रकथा' यांच्या संगतीत आपल्याकडील दोन पिढ्या वाढल्या. पण ती पुस्तके ज्या पानांवरून छापली गेली, ती पाने कोणी रेखाटली आणि छपाई आटोपल्यावर त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न वाचकाला सहसा पडत नाही. अमेरिकेत व युरोपात मात्र नेमक्या याच मूळ पानांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. पूर्वी तो संग्राहकांच्या मेळाव्यांपुरता मर्यादित होता. १९९५ मध्ये 'ईबे' सुरू झाल्यानंतर आणि डॅलसच्या 'हेरिटेज'सारख्या लिलावघरांनी इंटरनेटवरून बोली स्वीकारण्यास आरंभ केल्यानंतर तो घरोघरी पोहोचला. आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील मनुष्य संगणकासमोर बसून एखाद्या पानावर बोली लावू शकतो.

या व्यवहारातील रकमा वाचून डोळे विस्फारतात. परंतु आम्हांला येथे वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे. लिलावात ज्याची किंमत होते ते नेमके काय असते: कथा, नायक, की चित्रकाराचा हात? आणि त्या हाताचे देणे कोणी चुकते करतो काय?

प्रथम मूळ पान म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकन चित्रकथेचे पान छापील आकारात काढले जात नसे. १९६७ च्या सुमारापर्यंत ते जवळजवळ दुप्पट मोठे असे. त्यानंतर सुमारे दहा इंच रुंद व पंधरा इंच उंच अशा चित्रक्षेत्राची प्रथा पडली. जाड कागदावर एक जण पेन्सिलीने रेखाटन करी, दुसरा टाकाने व कुंचल्याने त्यावर शाई चढवी, तिसरा फुग्यांतील संवाद लिही. रंग त्या पानावर नसतच. ते छपाईसाठी निराळे तयार होत. म्हणून मूळ पान बहुधा काळे-पांढरे असते. मात्र छापील प्रतीत जे कधीच दिसत नाही, ते येथे दिसते. चुकलेल्या रेषेवर फिरवलेला पांढरा रंग, छपाईच्या कॅमेऱ्याला न दिसणारी फिकट निळी पेन्सिल, चिकटवलेल्या कागदाखालून पिवळा पडलेला गोंद आणि समासात संपादकाने लिहिलेल्या सूचना. चित्रकलेच्या अभ्यासकाला अशा पानात कामाची पूर्ण दिनचर्या वाचता येते.

याचे उत्तम उदाहरण कोणत्याही लिलावात मिळणार नाही. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅन प्रथम अवतरला. त्या अंकासाठी स्टीव्ह डिटको यांनी काढलेली चोवीस मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला देऊन टाकली. त्यांतील एका पानाच्या समासात संपादकाची सूचना आहे: मोटार बंद टपाची दाखवावी, बेदरकारपणे हाकल्याचे सूचित होऊ नये. त्या काळी चित्रकथांवर नीतिसंहितेचा किती धाक होता, हे त्या एका ओळीतून जितके कळते तितके लांबलचक इतिहासातूनही कळणार नाही. ही पाने बाजारात आली असती तर त्यांना कोट्यवधी डॉलर मिळाले असते, यात शंका नाही. दात्याने ती सर्वांच्या मालकीची केली आणि आपले नावही मागे ठेवले नाही.

आता बाजारात आलेल्या पानांकडे वळू. जानेवारी २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात एका पानाला ३३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. अमेरिकन चित्रकथेतील आतल्या एका पानाला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. १९८४ मधील 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकातील हे पंचविसावे पान. पेन्सिलकाम माइक झेक यांचे. स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख चढतो, तो प्रसंग त्यावर आहे. रेखाटन नेटके आहे, कथेचा प्रवाह स्वच्छ आहे. झेक हे कसलेले चित्रकार आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्या याहून सरस रेषा याहून कितीतरी कमी किमतीत विकल्या गेल्या आहेत. मग एवढी रक्कम कशाची? ती पुढे घडलेल्या गोष्टींची आहे. हाच काळा पोशाख पुढे १९८८ मध्ये 'व्हेनम' नावाचा खलनायक झाला आणि त्यावर चित्रपट निघाले. बोली लावणाऱ्याने चित्राची किंमत मोजली नाही, एका नाममुद्रेच्या जन्मदाखल्याची किंमत मोजली.

या कथेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. काळ्या पोशाखाची कल्पना मुळात एका तरुण वाचकाने पत्राने कळवली होती आणि मार्व्हल कंपनीने ती १९८२ मध्ये २२० डॉलरला विकत घेतली होती. कल्पनेला २२० आणि तिच्या पहिल्या कागदाला ३३ लाख ६० हजार! बाजाराचा तराजू कोणत्या बाजूला झुकतो, हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

किंमत ही गुणवत्तेची मोजपट्टी नव्हे, हे आणखी एका योगायोगाने सिद्ध होते. जुलै २०१२ मध्ये हेरिटेजने टॉड मॅकफार्लेन यांनी काढलेले 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ३२८ व्या अंकाचे मुखपृष्ठ ६,५७,२५० डॉलरला विकले. मे २०१४ मध्ये तेथेच हर्ब ट्रिम्पी यांचे एक पान विकले गेले, तेही अगदी त्याच रकमेला. या दोन कृतींत साम्य काही नाही. मॅकफार्लेन यांचे चित्र म्हणजे पूर्ण मुखपृष्ठ. त्यात बारीक रेषांची दाटी आहे, आवेश आहे, पाहणाऱ्याला थक्क करण्याची उघड इच्छा आहे. ट्रिम्पी यांचे पान १९७४ च्या 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८० व्या अंकातील शेवटचे. मासिक अंकाच्या घाईत काढलेले, ठसठशीत आकृत्यांचे, सरळ आणि प्रामाणिक काम. ज्याच्यासाठी ते प्रसिद्ध आहे तो वुल्व्हरिन केवळ अखेरच्या चौकटीत प्रथम झेप घेतो. त्याच्या पोशाखाची कल्पनाही ट्रिम्पी यांची नसून जॉन रोमिटा यांची. म्हणजे येथेही किंमत झाली ती त्या एका चौकटीतील पदार्पणाची.

तरीही या दोहोंत आम्ही ट्रिम्पी यांचे पान अधिक मोलाचे मानतो, आणि त्याचे कारण पानावर नसून त्याच्या प्रवासात आहे. ट्रिम्पी यांनी ते १९८३ मध्ये एका किशोरवयीन चाहत्याला सहज भेट दिले होते. त्या मुलाने ते तीस वर्षे जपले. पुढे विकावयाचे ठरवले तेव्हा मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्याने 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेला दिला. आजारपणात वा अडचणीत सापडलेल्या चित्रकथाकारांना ही संस्था मदत करते. ट्रिम्पी यांच्या आयुष्याकडे पाहिले तर या देणगीचा अर्थ अधिक खोल होतो. अनेक वर्षे सेवा घेतल्यावर १९९६ मध्ये कंपनीने त्यांना कामावरून कमी केले आणि उतारवयात त्यांना शिक्षकी पेशा धरावा लागला. १९९२ मध्ये त्यांनी एपिस्कोपल चर्चमध्ये डीकन म्हणून दीक्षा घेतली होती. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या त्या ढिगाऱ्यापाशी ते धर्मसेवक म्हणून राबले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. फुकट दिलेले एक पान त्यांच्यासारख्याच गरजू सहकाऱ्यांच्या औषधपाण्याला कामी आले, ही घटना बाजाराच्या साऱ्या आकड्यांहून मोठी आहे.

असे का म्हणावे लागते, ते या पानांच्या मालकीचा इतिहास पाहिल्यावर कळेल. कित्येक दशके प्रकाशक मूळ पाने स्वतःकडेच ठेवीत, नाहीतर नष्ट करीत. चित्रकाराला पानामागे मजुरी मिळे. पान परत मिळण्याची अपेक्षा नसे. मार्व्हलच्या बहुतेक नामांकित नायकांना रूप देणारे जॅक कर्बी यांनी कंपनीसाठी हजारो पाने काढली. १९८० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने त्यांना अवघी ८८ पाने देऊ केली, तीही हक्क सोडण्याच्या विशेष करारावर सही केली तर. सहकारी कलावंतांनी व वाचकांनी आवाज उठवल्यावर १९८७ मध्ये सुमारे १९०० पाने परत आली. उरलेल्यांपैकी अनेक पाने गोदामांतून नाहीशी झाली आणि पुढे बाजारात दिसू लागली. म्हणून संग्राहकाने पान हातात घेताना रेषेइतकीच चौकशी त्याच्या वाटचालीची करावी: हे चित्रकाराच्या घरातून बाहेर पडले, की कोणाच्या गोदामातून?

युरोपातही हा प्रश्न सुटलेला नाही. 'टिनटिन' हा नायक जन्मला तो १० जानेवारी १९२९ रोजी, बेल्जियममधील एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत. संपादक होते नॉर्बेर वाले नावाचे धर्मगुरू. या मालिकेतील 'निळे कमळ' या पुस्तकासाठी हर्जे यांनी १९३६ मध्ये एक मुखपृष्ठ रंगवले. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक ड्रॅगन आणि चिनी मातीच्या रांजणातून डोकावणारे टिनटिन व त्याचा कुत्रा, असे ते चित्र. चार रंगांत छापणे खर्चाचे म्हणून प्रकाशकाने ते नाकारले आणि हर्जे यांनी साधे चित्र करून दिले. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या 'आर्तक्युरियाल'ने तेच नाकारलेले चित्र कमिशन धरून सुमारे ३२ लाख युरोंना विकले. हर्जे यांनी ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट दिले आणि ते घडी घालून टेबलाच्या खणात राहिले, असे विक्रीच्या वेळी सांगण्यात आले. हर्जे यांच्या वारसांच्या बाजूने मात्र या भेटीविषयी जाहीर शंका घेण्यात आली. चित्रावर घड्यांच्या खुणा आजही आहेत. आमच्या मते या लेखातील सर्व विकल्या गेलेल्या कृतींत निव्वळ चित्र म्हणून हेच श्रेष्ठ. येथे कोणाचे पदार्पण नाही. रंगसंगती, रिकाम्या जागेचा धीट वापर आणि भीतीत मिसळलेले कुतूहल, एवढ्यावरच ते उभे आहे.

कायदा याबाबत काय करतो? युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार मूळ कलाकृती व्यापाऱ्यामार्फत पुन्हा विकली गेल्यास चित्रकाराला वा त्याच्या वारसांना ठराविक वाटा मिळतो. तो कितीही मोठ्या विक्रीत साडेबारा हजार युरोंपलीकडे जात नाही. अमेरिकेत देशव्यापी असा हक्कच नाही. आपल्या भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. मूळ चित्र, रेखाटन वा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेले तर दहा टक्क्यांपर्यंत वाटा निर्मात्याला मिळू शकतो. पण त्यात एक मेख आहे: निर्माता हा हक्कांचा पहिला मालक असला पाहिजे. प्रकाशकाच्या नोकरीत राहून पाने काढणारा चित्रकार बहुधा या अटीतच अडतो. म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर. न्याय्य मजुरीचा विचार ज्या समाजाला परका नाही, त्याने या त्रुटीकडे लक्ष द्यावयास हवे.

इतके दोष दाखवूनही इंटरनेटवरील लिलावांचा एक मोठा उपकार मान्य करावा लागतो. विक्रीसाठी आलेल्या प्रत्येक पानाचे मोठे, स्पष्ट छायाचित्र ही लिलावघरे प्रसिद्ध करतात आणि विक्रीनंतरही ती छायाचित्रे बहुधा पाहावयास राहतात. पूर्वी जे पान एका श्रीमंताच्या कपाटात अदृश्य झाले असते, ते आता एखाद्या गावातील चित्रकलेचा विद्यार्थीही रेषारेषांनी न्याहाळू शकतो. विकत घेणारा एक असतो, पाहणारे हजारो. त्यांच्यासाठी हा बाजार नकळत एक कलादालन बनला आहे. हे दालन किती काळ वाढेल, ही शंकाच आहे. अनेक चित्रकार आता थेट संगणकावर रेखाटतात, तेव्हा मूळ पान असे उरतच नाही. जे कागदावर काढतात त्यांच्या पानांवरही बहुधा संवाद नसतात, कारण अक्षरे संगणकाने बसवली जातात. अलीकडची पुष्कळशी मूळ पाने म्हणूनच मुकी आहेत.

ज्यांना संग्रह करावयाचा आहे त्यांनी आधी पाहण्याची सवय करावी, किमतींची यादी मागाहून वाचावी. हातोडा पडला म्हणजे व्यवहार संपला, असे समजू नये. त्या रकमेवर खरेदीदाराला पाचवा हिस्सा वा त्याच्या आसपास कमिशन भरावे लागते, आणि परदेशातून मागवल्यास जकातही. चित्रकाराने स्वतःच मागाहून पुन्हा काढलेली प्रत आणि छपाईसाठी वापरलेले मूळ पान यांतील भेद ओळखता आला पाहिजे. आणि कधी विकण्याची वेळ आली, तर २०१४ मधील त्या विक्रेत्याचे स्मरण ठेवावे.

ज्यांना संग्रह करावयाचा नाही, अशा आपल्यासारख्या बहुसंख्य वाचकांसाठी त्याहून सोपे काम आहे. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांनी आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पुराणे आणि इतिहास उभे केले. घरात एखादी जुनी चित्रकथा असेल तर ती रद्दीत देण्यापूर्वी चित्रकाराचे नाव तीत कोठे छापले आहे ते शोधावे आणि मुलांना वाचून दाखवावे.