बालचित्र, बक्षीस आणि आपण

आजचा विषय आहे लहान मुलांची चित्रं, मातीकाम, कागदकाम आणि त्यांच्या वाढीत या गोष्टींचं मोल. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. चित्रकलेत आमची गती शून्य. तरी आज यावर बोलतो आहोत, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. आधी तीच सांगतो.

निवृत्तीनंतर लोक परीक्षक म्हणून बोलावतात. ‘सर, तुम्हाला आता वेळच वेळ आहे’, असं म्हणतात. एका सोसायटीच्या गणेशोत्सवात असेच गेलो होतो. पाच ते सात वर्षांचा गट, विषय ‘माझं गाव’. चाळीसेक कागद समोर आले आणि बहुतेकांवर एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. हसू नका, तुम्हीही तेच काढलेलं आहे! मराठवाड्यातल्या सपाट काळ्या रानातलं मूलसुद्धा हेच काढतं. त्याच्या गावात ना तसा डोंगर, ना नारळ. म्हणजे हे चित्र पाहून काढलेलं नसतं, कुणीतरी शिकवून बसवलेलं असतं.

त्या गठ्ठ्यात एक कागद वेगळा होता. पानभर नुसता करडा रस्ता आणि कोपऱ्यात एक चिमुकली लाल बस. आम्ही त्या मुलाला विचारलं, “अरे, गाव कुठं आहे?” तो म्हणाला, “अजून आलं नाही.” आम्ही मान डोलावली आणि कागद बाजूला ठेवला. शेरा लिहिला, ‘विषयाला धरून नाही.’

आता विचार करू या. गावाचं लांब असणं त्या पोराने कागदावर मांडलं होतं. रस्ता किती मोठा करायचा, बस किती छोटी, गाव दाखवायचं की नाही, हे सगळे निर्णय त्याचे एकट्याचे होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात किती निर्णय घेता येतात? कधी उठायचं, काय घालायचं, काय खायचं, सगळं आपण ठरवतो. कोरा कागद ही त्याच्या वाट्याला आलेली थोडी मोकळी जागा. तिथं ते ठरवतं, करून बघतं, फसतं, आणि फसलेल्या रेघेचंच दुसरं काहीतरी करतं. आमच्या मते बालकलेचं मोल इथं आहे.

पण हल्ली याची भलामण वेगळ्याच भाषेत होते. ‘चित्र काढल्याने मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं, मार्क वाढतात.’ हा युक्तिवाद जरा तपासून पाहू. १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टचं संगीत दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांच्या एका कसोटीत लोक थोडे बरे ठरले. हे लोक कॉलेजचे विद्यार्थी होते आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यावरून तान्ह्या बाळांसाठी बाजार उभा राहिला! पुढे २००० साली हार्वर्डच्या एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी अशा संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. चित्रकला शिकल्यामुळे इतर विषयांचे गुण वाढतात, याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे कलेची बाजू मार्कांच्या जोरावर लढवायला गेलो, तर खटला हरणार. आणि जिंकलो तरी कला गणिताची मोलकरीणच ठरणार.

कांटने १७९० मध्ये एक भेद केला आहे. कला ही खेळासारखी असते, ती करण्यातच सुख असतं. कारागिरी मोलाने केली जाते, तिचं आकर्षण मोबदल्यात असतं. कारागिरांवर हा थोडा अन्यायच आहे. पण मुलांच्या बाबतीत त्यातलं मर्म १९७३ च्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढ, प्रमाणपत्र मिळेल.’ काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन पुन्हा मोकळेपणी वर्गात ठेवले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या मानाने जेमतेम निम्मा वेळच चित्रांपाशी रमली. आमिषापोटी काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना डावी वाटली.

हे वाचलं तेव्हा आम्हाला तो रस्ता आठवला. कारण गोष्ट तिथं संपली नव्हती. पुढच्या वर्षी त्याच सोसायटीत आम्ही पुन्हा परीक्षक. तो मुलगाही आला होता. या खेपेला त्याने दोन डोंगर काढले, मधून सूर्य, खाली नदी. नीटनेटकं, रेघेबाहेर रंग नाही. आणि आम्ही त्याला दुसरा क्रमांक दिला. टाळ्या वाजल्या, त्यात आमच्याही होत्या.

‘मग मुलांना काही शिकवायचंच नाही का?’ असा प्रश्न तुम्ही विचाराल. शिकवायचं ना! कात्री कशी धरायची, मातीत पाणी किती घालायचं, कुंचला कसा धुवायचा, हे जरूर शिकवावं. पण काय काढायचं, ते आपण सांगू नये. ‘साहित्य महाग पडतं’ ही सबबही चालणार नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला नेलं. शिंपले, बिया, पानं, माती अशा भोवतालच्या वस्तूंचीच साधनं झाली. तिथं कमी होता तो पैसा. आपल्याकडे पैसा आहे, म्हणून आपण छापील चित्रांची रंगवायची पुस्तकं आणतो. त्यात सगळे निर्णय छापखान्यात झालेले असतात. मुलाकडे उरतं ते फक्त रेघेच्या आत राहणं.

तेव्हा घरी गेल्यावर एक करून बघा. नातवंडाने कागद पुढे केला की ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. त्यात परीक्षा असते. ‘वा, किती छान!’ असंही लगेच म्हणू नका, तेही छोटं प्रमाणपत्रच. शेजारी बसा आणि म्हणा, “सांग बरं मला याच्याबद्दल.” मग गप्प राहा. आम्हा मास्तर मंडळींना हे फार जड जातं, पण जमतं.

‘गाव अजून आलं नाही’ असं तो म्हणाला, तेव्हा आम्ही एवढंच विचारायला हवं होतं की, “बरं, मग बसमध्ये कोण कोण आहे?” ते विचारायचं राहून गेलं. तुमचं राहू नये, म्हणून हे सांगितलं.