यंत्रमानवांची ओवी

नातवाने आम्हाला क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाची १९७८ ची ‘द मॅन मशीन’ ही रेकॉर्ड ऐकवली. पहिल्याच गाण्यात यंत्रमानव स्वतःची ओळख देतात, मध्येच रशियन भाषेत चाकर म्हणवून घेतात. आवाज यंत्रातून गाळलेला, ठेका घड्याळाचा. आधी आम्ही कंटाळलो. मग आठवले, ‘रोबोट’ हा शब्द १९२० च्या चापेकच्या झेक नाटकातला, मुळात वेठबिगारीचा.

राबणाऱ्याचे गाणे म्हणजे आमच्या आजीची जात्यावरची ओवी. त्यात ती दमते, माहेर आठवते, सासूला टोमणा मारते. या यंत्रांना माहेर नाही, तक्रारही नाही. तेवढे उणे वाटले. प्रागचा मातीचा गोलेमसुद्धा गोष्टीत एकदा बिथरतो!

नातू म्हणाला, “सबा, ओवी म्हणून दाखवा.” आम्हाला अर्धीच आठवली.