खाल्ल्या मिठाचा प्रश्न

प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' ही कथा १९१७ सालीं 'सप्तसरोज' या संग्रहांत आली. पुढें शालेय पाठ्यपुस्तकांतहि तिला स्थान मिळालें. प्रामाणिक नोकराची कथा हा तिचा लौकिक अगदींच अयथार्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिचें नैतिक मर्म ज्या स्थळीं दाखविण्यांत येतें, त्या स्थळीं तें नाहीं, असें आमचें मत आहे.

वरकमाईचा उपदेश करून वडिलांनीं नोकरीस धाडलेला वंशीधर मीठखात्यांत दारोगा होतो. यमुनेच्या पुलावर रात्रीं तो चोरट्या मिठाच्या गाड्या अडवितो, आणि त्यांचे मालक पंडित अलोपीदीन हजारापासून चाळीस हजारांपर्यंत चढत गेले तरी ढळत नाहीं. न्यायालयांत पंडित सुटतात. दारोग्याची मात्र नोकरी जाते. प्रसंग बहारीचा रंगला आहे, पण त्यांत पेच कसला? लांच घेऊं नये हें वंशीधरास ठाऊक आहे आणि वाचकासहि. तेथें कसोटी लागते ती धैर्याची, विवेकाची नव्हे.

विवेकाची कसोटी शेवटच्या पृष्ठावर आहे. तेच पंडित दारीं येतात आणि आपल्या सर्व मिळकतीची व्यवस्था वंशीधराच्या हातीं देऊं करतात: वर्षाला सहा हजार वेतन, शिवाय घोडा, बंगला, नोकरचाकर. वंशीधर साश्रु नयनांनीं सही करतो, आणि येथें सद्गुणाचा विजय झाला असें लेखक मानतो. आम्हांस प्रश्न पडतो, तो या सहीनंतरचा. उद्यां याच धन्याच्या गाड्या रात्रीं निघाल्या, तर त्या कोण अडविणार? खाल्ल्या मिठास जागावें, हें खरें. पण कोणाच्या मिठास? काल तो सरकारच्या मिठास जागला. तें मीठ तरी निर्दोष कोठें होतें? गरिबाच्या घासावरील त्या कराचा कायदा १९३० सालीं दांडीस आणि आपल्या शिरोड्यास लोकांनीं उघडपणें मोडला, आणि मोडणारांसच देशानें सत्यनिष्ठ म्हटलें.

पंडितांचें हृदयपरिवर्तन झालें, असें कोणी म्हणेल. कथेंत त्याचा पुरावा आम्हांस आढळत नाहीं. त्यांनीं केलेल्या अपराधाचा पश्चात्ताप दिसत नाहीं. दिसते ती रत्नपारख्याची हुशारी. आपल्या तिजोरीस विश्वासू राखणदार असावा, असें चोरट्या व्यापाऱ्यासहि वाटतेंच.

प्रेमचंद स्वतः शिक्षणखात्याचे नोकर होते. असहकारितेच्या काळांत, १९२१ सालीं, त्यांनीं राजीनामा दिला. पुढचें आयुष्य त्यांनीं लेखणीवर आणि ओढगस्तींत काढलें.  लेखकाच्या आयुष्यानें जें उत्तर दिलें तें त्याच्या कथेहून कठोर आहे, आणि म्हणूनच अधिक खरें आहे. तरुणांनीं ही कथा अवश्य वाचावी. मात्र वंशीधराच्या सहीपाशीं येतांच पुस्तक मिटूं नये. त्यांच्या विचारास खरा आरंभ तेथून व्हावयाचा आहे.