खुळखुळा कोणत्या कपाटात?

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पिट रिव्हर्स संग्रहालय शिक्षकांनी समजून घ्यावे असे आहे. राजांचे मुकुट किंवा नामवंतांची तैलचित्रे ही त्याची ओळख नव्हे. दिवे, कुलपे, टोपल्या, वाद्ये, होड्या, मुखवटे, विस्तव पेटवण्याची साधने अशा माणसाने आपल्या गरजेपोटी केलेल्या वस्तू जगाच्या सर्व भागांतून येथे आल्या आहेत. छायाचित्रे व हस्तलिखिते धरून हा संग्रह पाच लाखांच्या वर जातो. पण आमच्या मते या संग्रहालयाचे वैशिष्ट्य संख्येत नाही, मांडणीत आहे. इतर ठिकाणी आफ्रिकेचे एक दालन, चीनचे दुसरे, अशी देशवार विभागणी असते. येथे वस्तू कोठली हे नंतर, ती कशासाठी केली हे आधी. त्यामुळे जगभरच्या वाद्यांची कपाटे एकीकडे आणि जगभरच्या दिव्यांचे कपाट दुसरीकडे.

वस्तू कशाही मांडल्या तरी काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की मांडणी हेसुद्धा एक विधान असते. ते शब्दांत लिहिलेले नसल्यामुळे पाहणारा ते न तपासता घरी घेऊन जातो. म्हणून ते तपासून पाहू.

सैनिकाची दृष्टी

या संग्रहाचा जनक ऑगस्टस पिट-रिव्हर्स (१८२७-१९००) हा लष्करी अधिकारी होता. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी नव्या रायफलींच्या चाचण्या घेताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. बंदुकीत एकदम मोठा बदल होत नाही. प्रत्येक सुधारणा आधीच्या नमुन्यात केलेला लहानसा फेरफार असते. मग सर्वच वस्तूंचे असे असेल काय, या प्रश्नाने त्याला संग्राहक बनवले. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या कल्पनेला बळ मिळाले. १८८४ मध्ये त्याने वीस हजारांहून अधिक वस्तू ऑक्सफर्डला दिल्या. मानवशास्त्र शिकवणारा अध्यापक विद्यापीठाने नेमावा आणि मांडणीचे मूळ तत्त्व बदलू नये, अशा त्याच्या अटी होत्या. अध्यापक म्हणून एडवर्ड टायलर यांची नेमणूक झाली.

इमारतही बोलकी आहे. निसर्गेतिहास संग्रहालयातील डायनोसॉरचे सांगाडे ओलांडून पिट रिव्हर्समध्ये प्रवेश करावा लागतो. १८६० मध्ये हक्सले आणि बिशप विल्बरफोर्स यांचा उत्क्रांतीवरील गाजलेला वाद झाला तो याच निसर्गेतिहास संग्रहालयात. प्राण्यांची उत्क्रांती संपली की वस्तूंची सुरू, असे जणू दारातच सुचवले जाते.

मांडणीचा गुण

या पद्धतीचा मोठा गुण आधी मान्य केला पाहिजे. विस्तव कसा पेटवायचा, हा प्रश्न सर्व मानवजातीपुढे होता. कोणी लाकडावर लाकूड घासले, कोणी दोरीच्या धनुकलीने काठी गरगर फिरवली, कोणी गारगोटीवर पोलाद आपटले. आग्नेय आशियातील लोकांनी तर एका बंद नळीत दट्ट्या जोराने दाबून आतल्या हवेच्या उष्णतेने कापूस पेटवला. हवा एकाएकी दाबली की तापते, हेच तत्त्व डिझेल इंजिनात वापरले जाते. ही सर्व साधने शेजारी-शेजारी ठेवली की विद्यार्थ्याला एक प्रश्न आणि त्याची अनेक उत्तरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. देशवार मांडणीत ही तुलना हरवते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे किंवा अडकित्ते पाहताना मिळणारा आनंद याच जातीचा असतो.

शिडीचा दोष

दोष येथून पुढे सुरू होतो. पिट-रिव्हर्सला केवळ तुलना नको होती, त्याला क्रम हवा होता. १८७५च्या त्याच्या व्याख्यानातील आकृती प्रसिद्ध आहे. मध्यभागी एक साधी काठी. तिच्यापासून किरणांसारख्या निघालेल्या रांगांत ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे सोटे, भाले, ढाली आणि बूमरँग. काठीपासून एकेक पायरी चढत शस्त्रे कशी घडली, हे त्यातून दिसते असा त्याचा दावा. परंतु ही सर्व शस्त्रे एकाच काळात वापरात होती. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, याचा उत्खननातून मिळालेला पुरावा त्यामागे नव्हता. आकारावरून काळ ठरवायचा आणि मग तोच काळ आकाराच्या विकासाचा पुरावा म्हणून दाखवायचा, हे तर्कशास्त्रात बसत नाही.

बूमरँगचेच पाहा. शिकारीचे जड बूमरँग सरळ जातात, काही हलके मात्र फेकणाऱ्याकडे परत येतात. परतणाऱ्या बूमरँगच्या बाहूंचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. तो जवळजवळ उभा धरून गरगरत फेकला की वरचा बाहू पुढच्या दिशेने व खालचा मागच्या दिशेने फिरतो. त्यामुळे वरच्या बाहूवर हवेचा जोर अधिक पडतो. फिरत्या भोवऱ्याला बाजूने ढकलले तर तो ढकलल्या दिशेला न जाता काटकोनात कलतो. त्याच नियमाने बूमरँग वळतो आणि मागे येतो. ज्या वस्तूची उकल करायला भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला घाम फुटतो, तिला शिडीची खालची पायरी कशी म्हणायचे?

यामागे राजकारणही होते. वस्तूंची पायरी ठरली की ती करणाऱ्या माणसांची पायरी आपोआप ठरत होती, आणि सर्वांत वर अर्थातच व्हिक्टोरियन इंग्लंड. १८९१ च्या एका व्याख्यानात पिट-रिव्हर्सने स्पष्टच सांगितले, की निसर्गात उड्या नसतात हे संग्रहालयात पाहून सामान्य माणूस क्रांतीच्या गोष्टींपासून सावध राहील. म्हणजे कपाटांची रांग हा कामगारांना दिलेला उपदेशही होता.

बोआसचा खुळखुळा

या पद्धतीवर सर्वांत नेमका आघात १८८७ साली अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय संग्रहालयात ओटिस मेसन अशीच प्रकारवार मांडणी करत होते. फ्रांझ बोआस या तरुण शास्त्रज्ञाने 'सायन्स' साप्ताहिकात त्यांना विरोध केला. त्याचे उदाहरण होते खुळखुळ्याचे. एक समाज आत्म्यांना बोलावण्यासाठी किंवा पळवण्यासाठी खुळखुळा वाजवतो, दुसऱ्यात तो लहान मुलाचे खेळणे असतो. दिसायला दोन्ही सारखे. उगम मात्र निराळे. कारणे वेगळी असूनही परिणाम सारखा असू शकतो, हा त्याचा मुद्दा.

आपल्याकडे देवळात घंटा असते, बैलाच्या गळ्यात असते आणि शाळेतही असते. तिन्ही एका कपाटात ठेवल्या तर धातूकाम कळेल. पण देवळातली घंटा कोण वाजवतो, का वाजवतो, हे कळणार नाही. जीवशास्त्राचे शिक्षक येथे वटवाघळाचा आणि फुलपाखराचा पंख आठवतील. साम्य म्हणजे नाते नव्हे. शिवाय सजीवांच्या वंशवृक्षाच्या फांद्या एकदा दुभंगल्या की सहसा पुन्हा जुळत नाहीत; वस्तूंच्या फांद्या मात्र सतत जुळतात, कारण माणूस शेजाऱ्याचे उसने घेतो. त्यामुळे वस्तूंचा इतिहास झाडासारखा कमी आणि जाळ्यासारखा अधिक दिसतो.

तरीही बोआसला सुचलेली समाजवार मांडणी निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात एकेक समाज काचेमागे गोठतो, जणू त्याचा शेजाऱ्यांशी कधी संबंधच आला नाही. दोन्ही पद्धती काही दाखवतात आणि काही झाकतात.

ज्यांच्या वस्तू, ती माणसे

दोन्ही पद्धतींत एक उणीव समान होती: वस्तू करणाऱ्याला बोलायला जागा नव्हती. याची किंमत पिट रिव्हर्सला चुकवावी लागली. ॲमेझॉन खोऱ्यातील आकसवलेली मुंडकी हे तेथील मोठे आकर्षण होते. ती पाहून लोक त्या समाजाला रानटी म्हणत, आणि हे संग्रहालयाच्या हेतूच्या विरुद्ध होते. २०२० मध्ये त्यांच्यासह १२० मानवी अवशेष प्रदर्शनातून काढण्यात आले. जगातील मोठ्या नागा संग्रहांपैकी एक येथे आहे, आणि पूर्वजांचे अवशेष परत मिळावेत यासाठी नागा प्रतिनिधींनी २०२५ मध्ये संग्रहालयाला भेट दिली. असे अवशेष काढल्याने ज्ञान कमी होते, ही तक्रार आम्हाला पटत नाही. कुतूहल शमते पण समज वाढत नाही, अशा वस्तूला शैक्षणिक म्हणता येणार नाही.

उलट, २०१४ साली कॅनडातील हैदा समाजाचे दोन कारागीर, ग्वाई आणि जालेन एडनशॉ, ऑक्सफर्डला आले. तेथील एका जुन्या लाकडी पेटीशेजारी बसून त्यांनी तशीच नवी पेटी कोरली आणि ती मायदेशी नेली. या पेटीच्या चार बाजू सीडर वृक्षाच्या एकाच फळीच्या असतात; फळीला खाचा पाडून, वाफ देऊन ती वाकवतात. ही विद्या काचेआडच्या पेटीतून पुन्हा कारागिराच्या हातात गेली. संग्रहालयाचे याहून चांगले समर्थन आम्हाला सुचत नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा: पिट-रिव्हर्सची कपाटे ठेवावीत, शिडी मात्र काढून टाकावी. आपल्या वर्गातही हे करून पाहता येईल. मुलांना घरून एकेक वस्तू आणायला सांगावे: कुलूप, दिवा, सूप, चाळणी, खुळखुळा. प्रथम त्या कामानुसार मांडाव्यात, मग घरानुसार. प्रत्येक मांडणीत काय नव्याने दिसले आणि काय दिसेनासे झाले, हे मुलांनी वहीत लिहावे. मग ज्याची वस्तू त्याला उभे करून तिच्याविषयी बोलू द्यावे. एखादी वस्तू कोठेच नीट बसणार नाही. तिच्यासाठी तिसरी मांडणी कोणती करता येईल, हे मुलांवर सोपवावे.